आभार कसले ओ? : एका कॉलेजातल्या प्रकल्प नोंदी

४ सप्टेंबर २०२४, बुधवार

आमच्या बेळगावच्या कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेची या सेमिस्टरची पहिली बैठक. दुपारी अडीच, सात नंबरचा वर्ग. यंदा काय करायचं म्हटल्यावर नेहमीची कामं पुढं आली: परिसर स्वच्छता, झाडं, रक्तदान. ती होतीलच. माझ्या मनात आणखी एक काम होतं, ते मांडलं.

मार्चमधल्या स्नेहसंमेलनाचं आभारप्रदर्शन माझ्याकडं होतं. तो कागद परवा कपाट आवरताना सापडला. त्यावर २१ नावं आहेत आणि ती सगळी व्यासपीठावर बसलेल्यांची. खुर्च्या लावणारे, पाण्याचे कॅन जिन्यानं चढवणारे, रात्री मांडव सोडणारे, मुलींना शेवटची गाडी मिळेपर्यंत फाट्यावर उभे राहिलेले वॉचमन काका, यातलं कुणीच नाही. कागद माझ्याच अक्षरातला आहे. तो मी बैठकीत वाचून दाखवला.

सेवा योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. तिचं ब्रीद ‘नॉट मी, बट यू’, म्हणजे मी नव्हे, तुम्ही. बिल्ल्यावर आपण ते मिरवतो, तर त्यातले ‘तुम्ही’ कोण, हे एकदा शोधू या, असं म्हटलं. संक्रांतीपर्यंत प्रत्येकानं कॉलेजातल्या, आपल्यासाठी काही केलेल्या माणसांना ते जाऊन सांगायचं. मुलं ‘हो’ म्हणाली. कसं करायचं ते पुढच्या बुधवारी.

११ सप्टेंबर, बुधवार

पाच दिवसांचे गणपती आज जाणार म्हणून हजेरी निम्मी. तरी बसलो.

विचारलं, गेल्या आठवड्यात कुणाकुणाला ‘थँक्यू’ म्हटलंत? भराभर हात वर. झेरॉक्सवाल्याला, रिक्षावाल्याला, रिचार्ज करून देणाऱ्याला. आईला? मेसच्या अक्कांना? हात खाली.

येळ्ळूरचा मुलगा उठून म्हणाला, “मॅडम, आईला कुठं आभार म्हणायचं ओ? म्हटलं तर कपाळाला हात लावून बघंल, ताप बीप आलाय काय म्हणून.”

वर्ग हसला, पण त्यानं नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. आपल्याकडं ‘आभार’ हा शब्द घरात शिरतच नाही. तो सभेतला, पत्रिकेतला, दुकानाच्या पावतीवरचा. जवळच्या माणसाचे आभार मानले तर तो दुखावतो, ‘परकं केलंस होय मला?’ म्हणतो. म्हणून घरात ही भावना दुसऱ्या वाटेनं जाते. ‘बरं झालं आलास.’ ‘तू होतास म्हणून निभावलं.’ कंग्राळीच्या मुलीनं सांगितलं, शेजारणीनं वाटीतून काही दिलं तर तिची वाटी रिकामी परत करत नाहीत, चिमूटभर साखर का होईना घालून देतात. बैलहोंगलचा मुलगा कन्नड बोलणारा. तो म्हणाला, आमच्यातही हेच. आजीच्या तोंडून ‘धन्यवादगळु’ कधी ऐकलं नाही, ती ‘भाळ उपकार आत्री’ म्हणते.

हे सगळं फळ्यावर लिहून घेतलं आणि त्यातूनच नियम निघाला. पत्र लिहायचं, पण त्यात आभार, धन्यवाद, थँक्यू यातला एकही शब्द येऊ द्यायचा नाही. झालं ते सांगायचं. कुठल्या दिवशी, तुम्ही काय केलंत, त्यानं माझं काय झालं. तपशील आठवत नसेल तर आठवेपर्यंत लिहायचं नाही. मला हा नियम फार आवडला. तो मुलांनी काढला.

१९ सप्टेंबर, गुरुवार

रोज लिहायचं की आठवड्यातून एकदा? मुलांचा उत्साह रोजचा. मी थोडं वाचून गेले होते. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॉलेजातल्या मुलांचे तीन गट केले होते. एकानं ज्यांची मनात जाण आहे अशा पाचपर्यंत गोष्टी दर आठवड्याला लिहायच्या, दुसऱ्यानं कटकटी, तिसऱ्यानं नुसत्या घडलेल्या घटना. पहिल्या गटातली मुलं आपल्या आयुष्याबद्दल जास्त समाधानी निघाली. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात तर आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फरक पडला, तीनदा लिहिणाऱ्यांना पडला नाही. हे पटण्यासारखं आहे. आरती पाठ झाली की तोंड म्हणत राहतं आणि लक्ष दुसरीकडं जातं.

गुरुवार ठरला. लिहिलेली पत्रं टाकायला पेटी म्हणून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. मच्छेच्या मुलानं वडिलांच्या वर्कशॉपात झाकणाला फट पाडून आणली, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, कुणाचं बोट कापू नये म्हणून.

२३ सप्टेंबर, सोमवार

आज पौरकार्मिक दिन. कर्नाटकात हा दिवस सफाई कामगारांसाठी पाळतात. प्रकल्पाची सुरुवात यानंच करावी असं मला वाटलं आणि झाडलोट करणाऱ्या मावशींचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, गुलाब. कार्यक्रम अकराचा, पाहुणे आले बाराला. मावशी पावणेअकरापासून पहिल्या रांगेत, पदर दोन्ही खांद्यांवर घेऊन, पाय खुर्चीखाली ओढून बसलेल्या. स्वागत, प्रास्ताविक, परिचय, दोन भाषणं. त्यांचा नंबर लागला दीडला. फोटोसाठी नारळ दोनदा द्यावा लागला. संपलं पावणेदोनला.

तीन वाजता मागच्या नळावर भेटल्या. शाल प्लॅस्टिकच्या पिशवीत घडीसकट, पिशवी खिळ्याला अडकवलेली. बादली भरत होती. मावशी पाण्याकडं बघतच बोलल्या, “राग नका मानू मॅडम. दुपारी बाराला मी टिळकवाडीत दोन घरची भांडी करतो. आज गेलो न्हाई. एका घरच्या बाईनं फोनवर उद्यापासनं येऊ नको म्हटलंय. आन् हितलं वर्ग बी झाडायचं ऱ्हायलंत, ते आता करालोय.”

मला बोलता येईना. बादली भरून वाहायला लागली तेव्हा त्यांनी नळ बंद केला आणि गेल्या.

चूक माझी आहे. तुम्हाला कधी सवड असते, एवढं एक वाक्य मी विचारलं नव्हतं. सन्मान करताना मी त्यांचा अर्धा दिवस घेतला, आणि तो अर्धा दिवस त्यांच्या पोटाचा होता.

२६ सप्टेंबर, गुरुवार

मंगळवारी मावशींबरोबर टिळकवाडीतल्या त्या घरी गेले. उशीर कुणामुळं झाला ते सांगितलं. बाई समजूतदार निघाल्या, काम सुटलं नाही.

आज मुलांसमोर सगळं सांगितलं आणि पद्धत बदलली. व्यासपीठ नाही. फोटो नाही. आधी विचारायचं, मग त्या माणसाच्या जागी आणि त्याच्या वेळेला जायचं. पाच मिनिटांत परत.

कंग्राळीची मुलगी आणि तिची मैत्रीण सकाळी सातलाच आल्या होत्या. मावशी झाडत होत्या तशी यांनी बाकं सरकवून दिली. शेवटचा वर्ग झाल्यावर त्या तिघी पायरीवर बसल्या आणि मुलीनं पत्र वाचलं. गेल्या वर्षी परीक्षेच्या गडबडीत तिच्या कानातलं वर्गात पडलं. घरी सांगायची हिंमत नव्हती. चौथ्या दिवशी मावशींनी जिन्यात थांबवलं, पदराची गाठ सोडली आणि कानातलं हातावर ठेवलं. ते केरात सापडलं होतं, आणि ज्याचं त्याला मिळेपर्यंत तीन दिवस त्या गाठीत होतं. मुलीनं लिहिलं होतं, “त्या दिवशी मी घाईत पळाले, तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. ते कानातलं माझ्या आजीचं आहे. आज घालून आले आहे.”

मावशींनी तिच्या कानाकडं बघितलं. म्हणाल्या, “दुसऱ्याचं सोनं गाठीत असल्यावर झोप कुठनं लागायची बाय? तू घेऊन गेलीस तवा मला झोप लागली.”

पत्र त्यांनी मागून घेतलं. त्याच पदराला त्याची गाठ मारली.

१० ऑक्टोबर, गुरुवार

उद्या खंडेनवमीची सुट्टी, म्हणून पूजा आजच. ऑफिसातले कॉम्प्युटर, झेरॉक्स मशीन, जनरेटर, लॅबमधली मायक्रोस्कोप, खराटे, सगळ्यांना झेंडू आणि हळदकुंकू. शिपाई मामांनी घंटेची पूजा केली. आमची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा, तारेनं टांगलेला. वाजवायची सळी त्यांनी आधी ओल्या फडक्यानं, मग कोरड्या फडक्यानं पुसली आणि भिंतीशी उभी करून ठेवली. पूजेनंतर तास संपला तरी घंटा होईना. नंदगडची मुलगी विचारायला गेली तर म्हणाले, “आज तिला इसावा. घड्याळं हाईत की तुमच्याकडं.”

घड्याळं होती, तरी दोन वर्ग लांबले आणि खानापूरकडच्या मुलींची पावणेचारची गाडी चुकली. त्या गाडीत बसता यावं म्हणून मामा रोज साडेतीनला मिनिटभरही इकडं तिकडं करत नाहीत, हे आज पहिल्यांदा कळलं. संध्याकाळी पेटीत एकट्या मामांच्या नावानं चार पत्रं.

६ नोव्हेंबर, बुधवार

दिवाळीची सुट्टी संपली. पेटी उघडली, तीनच पत्रं.

कारण सगळ्यांना माहीत आहे. १ नोव्हेंबरला आमच्या गावात एकीकडं राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसरीकडं मराठी माणसांचा काळा दिन. १९५६ साली मराठी बोलणारा हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात घातला, तेव्हापासूनचा हा सल आहे. मी मराठी घरातली आहे, त्या दिवशी वडील सायकल फेरीला निघायचे ते लहानपणी दारात उभी राहून बघितलंय. ते दुःख खोटं नाही, आणि शेजारच्या घरातला आनंदही खोटा नाही. पण त्या आठवड्यात मोबाइलवरच्या स्टेटसनी हॉस्टेलच्या खोल्यांत भिंती उभ्या राहतात. याच मुलांनी दसऱ्याला एकमेकांना पानं दिली होती. कुणी ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा’ म्हणून आपट्याची, कुणी ‘बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण’ म्हणून शमीची. तीन आठवड्यांत बोलणं बंद.

तीनातलं एक पत्र बैलहोंगलच्या मुलाचं होतं, त्याच्या खोलीतल्या उचगावच्या मुलासाठी. कन्नडमध्ये. पावसाळ्यात याला डेंग्यू झाला तेव्हा उचगावच्या मुलानं याला रात्री दवाखान्यात नेलं, दोन रात्री बाकावर काढल्या आणि घरी फोन केला तोही याच्या आईला घाबरवायचं नाही अशा बेतानं, मोडक्या कन्नडमध्ये. पत्र मी वाचून दाखवू का विचारलं. “नको मॅडम, त्याला येतंय वाचायला.” मराठी माध्यमात शिकलेल्यांनाही इथं शाळेत कन्नड असतंच.

दोघे हॉस्टेलच्या पायरीवर बसले. मी लांबून बघत होते. उचगावच्या मुलाला वाचायला वेळ लागला, ओळीवर बोट ठेवून वाचत होता. संपल्यावर कागद घडी करून खिशात घातला आणि एवढंच म्हणाला, “ऊटा आतेनो?” जेवण झालं का रे? दोघे उठून मेसकडं गेले.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

मोठ्या मुलांची एकच तक्रार: “त्यांना अवघड वाटंल मॅडम, कसं तरीच दिसंल.” अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांच्या २०१८ च्या अभ्यासात हेच सापडलं होतं. पत्र लिहिणाऱ्यांना वाटतं की समोरचा संकोचेल. प्रत्यक्षात तो लिहिणाऱ्याच्या अंदाजापेक्षा कमी संकोचतो आणि कितीतरी जास्त आनंदतो. हे सांगितल्यावर जांबोटीकडच्या एका मुलानं खिशातून कागद काढला. मेसच्या अक्कांसाठी लिहिलेला, तीन आठवडे खिशात फिरत होता.

अक्का सौंदत्तीकडच्या, मराठी त्यांना समजतं पण मनातलं बोलायचं ते कन्नडमध्येच. हा मुलगा मराठी. त्यानं कन्नड वाक्यं देवनागरीत लिहिली होती, बैलहोंगलच्या मुलाकडून तपासून.

दुपारी साडेतीन, मेस रिकामी. अक्का रात्रीच्या ज्वारीच्या भाकरी थापत होत्या. परातीत पीठ, दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे, थापटण्याचा तो एकसारखा आवाज. मुलगा चुलीच्या अलीकडं उभा राहिला आणि वाचायला लागला, “ज्वर बंदाग नीवु गंजी माडि कोट्रि.” ताप आला तेव्हा तुम्ही पेज करून दिलीत. आवाज थांबला. हात भाकरीवर तसाच राहिला. मुलगा पुढं वाचत गेला: मेस बंद झाल्यावर तुम्ही परत चूल पेटवलीत, वाटी घेऊन दोन जिने चढून आलात, मी पिईपर्यंत दारात थांबलात. “अदु ना मरियूदिल्ल.” ते मी विसरणार नाही.

त्याचे उच्चार चुकत होते, आणि ती चूक ऐकताना अक्कांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला लिहिता येत नाही. “याक बेकित्तव्वा इदेल्ला,” त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या. कशाला हवं होतं हे सगळं. मग डोळे पुसायला कोपर वर नेलं, हाताला पीठ होतं म्हणून.

तव्यावरची भाकरी करपली. ती त्यांनी बाजूला ठेवली, दुसरी टाकली आणि त्या मुलाला तिथंच गरम भाकरी, पुंडीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. वाचता येत नसूनही कागद मागून घेतला. तो आता तिखटाच्या डब्यांमागच्या फळीवर, देवीच्या फोटोशेजारी आहे.

मुलगा बाहेर आल्यावर म्हणाला, “हे मी मराठीत लिहिलं असतं तर त्यांना कळलं असतं. खरं पोचलं नसतं.” आमच्याकडं बोलण्यात ‘पण’ऐवजी ‘खरं’ येतं. त्याच्या वाक्यात ते दोन्ही अर्थांनी बसलं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

जून २०२३ पासून राज्यात शक्ती योजनेत बायकांना साध्या सरकारी गाड्यांतून फुकट प्रवास आहे. तरी कंडक्टरला प्रत्येकीला शून्य रुपयाचं तिकीट फाडून द्यावंच लागतं. सकाळच्या गाडीत मुंगी शिरायला जागा नसते, आणि तो माणूस ‘शून्य, शून्य’ करत मागपर्यंत पोचतो.

आमच्या मुली याच गाड्यांनी येतात. नंदगडच्या मुलीनं पत्र त्या तिकिटाच्या मागंच लिहिलं, बोटभर कागदावर मावेल एवढंच: “आई आजारी होती तेव्हा महिनाभर मी धावत यायची. तुम्ही रोज फाट्यावर गाडी अर्धा मिनिट थांबवलीत. एकही परीक्षा चुकली नाही.” उतरताना हातात दिलं. कंडक्टरनं ते तिकिटांच्या मशीनच्या कातडी पट्ट्याखाली सरकवलं आणि शिट्टी मारली. दुसऱ्या दिवशी फक्त विचारलं, “आई कशी हाय आता?”

१२ डिसेंबर, गुरुवार

सोमवारपासून इथल्या सुवर्ण विधान सौधात राज्य विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू. रस्ते वळवलेले, गाड्या उशिरा, हजेरी तुरळक. आज नवीन पत्र नाही. पेटी पुसून ठेवली.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

आज कठीण बैठक.

पहिली गोष्ट. सेवा योजनेत वर्षाला १२० तास भरावे लागतात, आणि पत्रलेखनाचे तास धरणार असं मी डिसेंबरात बोलून गेले होते. लगेच पेटी भरली. नऊ पत्रांत मजकूर एकच, नावं तेवढी वेगळी. दोन पत्रं इंटर्नल परीक्षेच्या तोंडावर प्राध्यापकांना, गोड गोड. तास देणं आजपासून बंद, आणि जो आपल्याला गुण देणार आहे त्याला निकाल लागेपर्यंत पत्र नाही. पत्रं ज्याची त्याला परत दिली. कुणाला रागावले नाही. लालूच मी ठेवली होती.

दुसरी गोष्ट मोठी. लायब्ररीतले मामा एका मुलाचं पत्र ऐकून म्हणाले, “चांगलं लिवलाईस बाळा. खरं तीन महिनं पगार न्हाई आमचा, ते बी कुठं तरी लिही.” ते, मावशी आणि दोघे वॉचमन ठेकेदाराकडून लागलेले. मुलगा गप्प परत आला आणि त्यानं बैठकीत ते जसंच्या तसं सांगितलं.

ॲडम ग्रँट आणि फ्रान्चेस्का जिनो यांचा २०१० चा प्रयोग मी मुलांना आधी कौतुकानं सांगितला होता. ज्यांना दोन शब्द चांगले मिळाले त्यांच्यातले ६६ टक्के पुन्हा मदतीला आले, ज्यांना मिळाले नाहीत त्यांच्यातले ३२ टक्केच. कारण असं निघालं की आपली कुणाला तरी किंमत आहे हे त्यांना जाणवलं. आज तोच आकडा मला टोचला. पगार थकवून वर गोड बोलायचं आणि माणूस आणखी राबेल अशी वाट बघायची, हे पाप आहे. खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणतो आपण, तर ज्यांच्या हातचं मीठ खातो त्यांच्या घरात मीठ आहे का, हे बघायला हवं.

मुलांनी तिथंच बसून अर्ज लिहिला, कन्नड आणि मराठी दोन्हीत. कुणाचा किती पगार थकलाय, कधीपासून, आणि ही माणसं नसतील तर कॉलेजात सकाळी सातपासून काय काय बंद पडेल. ही कामाची यादी आमच्या चार महिन्यांच्या पत्रांतूनच निघाली. एवढे तपशील दुसऱ्या कुणाकडं नव्हते. खाली ३४ सह्या, पस्तिसावी माझी.

१५ जानेवारी, बुधवार

दोन महिन्यांचा पगार शुक्रवारी जमा झाला. एक महिना बाकी. अर्जाची दुसरी प्रत तयार ठेवली आहे.

काल संक्रांत झाली. आज पत्रं नाहीत, तिळगूळ. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ आणि ‘एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि’, दोन्हीचा अर्थ एकच, हे माहीत असूनही दर वर्षी नव्यानं बरं वाटतं. मावशींनी घरून तिळाच्या वड्या आणल्या, आम्ही काही मागितलं नव्हतं. मी डबा धुऊन ठेवला आहे, उद्या त्यात काय घालून द्यायचं ते बघते.

प्रकल्प इथं संपणार होता. मार्टिन सेलिग्मन यांच्या २००५ च्या अभ्यासात पत्र समोर जाऊन वाचून दाखवणाऱ्यांच्या मनावरचा चांगला परिणाम महिनाभर टिकला, तीन महिन्यांनी उरला नव्हता. ते ऐकून मुलांनीच ठरवलं, गुरुवार चालू ठेवायचा.

पेटीत एकच पत्र उरलंय. नंदगडच्या मुलीचं, वॉचमन काकांसाठी. त्यांनी गुडघ्यांमुळं डिसेंबरअखेर काम सोडलं आणि गावी गेले. पत्र त्यानंतर आलं. “मी उशीर केला,” ती दोनदा म्हणाली. रविवारी जायचं.

१९ जानेवारी, रविवार

सकाळच्या गाडीनं जांबोटी, तिथून पुढं रिक्षानं आणि मग चालत. मी, नंदगडची मुलगी आणि जांबोटीकडचा मुलगा, वाट त्याला माहीत म्हणून. बरोबर डब्यात कुंदा, आमच्या बेळगावची दुधाची मिठाई.

काका अंगणात भाताच्या पेंढ्यावर बसून दोरी वळत होते. आम्हाला बघून उठायला गेले, गुडघा धरून परत बसले. पाणी, चहा, कुणाचं कसं चाललंय, सगळं झालं. मग तिनं पत्र काढलं.

गेल्या जुलैतला दिवस. खानापूर भागात पाऊस कोसळत होता, गाडी पाऊण तास उशिरा, इंटर्नल परीक्षा. गेट दहाला बंद होतं. ती पोचली सव्वादहाला. गेट उघडं होतं. रेनकोटातल्या वॉचमननी केबिनमधली काळी छत्री उघडून तिच्या हातात दिली आणि म्हटलं, “पळ, पेपर भिजू देऊ नको.” त्या पेपरात ती पास झाली. छत्री दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये ठेवून गेली, तेव्हा तिथं कुणी नव्हतं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. दोरी बाजूला ठेवली.

“छत्री माझीच,” ते म्हणाले. “लाकडी मुठीची. खरं पोरी, त्या आठवड्यात मी रातपाळीला होतो. सकाळी गेटवर दुसरा होता, तो पोरगा, उंच. टोपी डोळ्यांवर ओढलेली असणार, म्हणून तुला वळखू आला न्हाई. गेट त्यानं उघडं ठेवलं. त्याबद्दल त्याला बोलणी बी बसली, मला सांगत होता.”

ती पत्राकडं बघत राहिली. मग म्हणाली, “छत्री तर तुमची होती.”

“आभार कसले ओ, छत्रीचे! छत्री भिजायलाच असती.” त्यांनी पत्र हातात घेतलं, वरचं स्वतःचं नाव वाचलं आणि तिला परत दिलं. “हे त्याला दे. ऑगस्टात सोडलं त्यानं. उद्यमबागेत कारखान्याच्या गेटवर हाय म्हणं. नवीन लिहू नको, हेच दे. नाव तेवढं खोडून घाल.”

जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना काकूंनी कुंद्याचा डबा धुऊन, पुसून, त्यात घरचे पोहे भरून दिले.

परतीच्या गाडीत तिनं गुडघ्यावर वही ठेवून नाव खोडलं. नवीन नाव लिहिलं नाही, ते आम्हाला माहीतच नाही. उद्या दुपारी दोननंतर उद्यमबाग. पाळी दोनला बदलते.